साताऱ्यात बसून फिलिपिन्सचा पारोल कसा करायचा

माझा दादा जहाजावर असतो, त्याच्यासोबत बरेच फिलिपिनो आहेत, त्यातले काहीजण तिकडच्या कापिझ प्रांतातले म्हणजे पार समुद्रकाठचे, आणि डिसेंबर लागला की ती मंडळी मेसमध्ये चांदणीचा कंदील टांगतातच, त्याला पारोल म्हणतात. स्पॅनिशमध्ये कंदिलाला फारोल, त्याचं हे पारोल झालं. दादानं तो त्यांच्याकडून शिकून घेतला आणि सुट्टीला आला तेव्हा मला शिकवला. आता आमच्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला आकाशकंदील उतरला की त्याच हुकाला डिसेंबरात पारोल लागतो.

करायच्या आधी एवढं माहिती पाहिजे की ही नुसती शोभेची वस्तू नाही. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तिकडं पहाटे अंधारात चर्चमध्ये प्रार्थना असते, तिला सिंबांग गाबी म्हणतात. शेतावर जाणाऱ्यांना कामाआधी येता यावं म्हणून ती पहाटेची. त्या वाटेवर उजेड म्हणून पारोल, आणि आकार चांदणीचा कारण येशूच्या जन्माच्या वेळचा तारा. आपल्या काकडआरतीला जसं कुडकुडत जातात ना, अगदी तसंच वाटतं मला हे. प्रार्थना झाली की बाहेर गरम बिबिंका खायची, तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून भाजलेली.

आता साहित्य. बुरुडाकडून कामट्या आणा, दीड फुटाच्या म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या १० आणि ४ इंचाच्या ५. ओल्या मिळाल्या तर दोन दिवस सावलीत वाळू द्या, कारण ओल्या बांधल्या तर नंतर आकसतात आणि गाठी ढिल्या पडतात, आमचा पहिला असाच वाकडा झाला होता. बाकी दोरा, पतंगाचा कागद, मैद्याची खळ आणि एक छोटा एलईडी बल्ब होल्डरसकट.

प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून १७ सेंटिमीटरवर खूण करा. हे लई महत्त्वाचं आहे. पेन न उचलता आपण वहीत चांदणी काढतो तशा ५ कामट्या मांडायच्या, एकीवरून एकीखालून अशा गुंफायच्या आणि आधी फक्त पाच टोकं बांधायची. जिथं कामट्या एकमेकींना छेदतात तिथं तुमच्या खुणा जुळल्या पाहिजेत, जुळल्या नाहीत तर एखादं टोक सरकलंय, सोडा आणि परत बांधा, पुढं जाऊच नका. अशीच दुसरी चांदणी करा.

मग दोन्ही एकावर एक ठेवून टोकाला टोक घट्ट बांधायचं, आणि आतल्या पाच छेदांच्या जागी दोन चांदण्यांच्या मधे ती ४ इंचाची काडी उभी सारायची. हळूच, जोर लावला तर कामटी मोडते. पाचही काड्या बसल्या की चपटी चांदणी एकदम फुगते, तो क्षण पोरांना जरूर बघू द्या! काड्या वर-खाली दोऱ्यानं बांधून टाका आणि बल्ब कागद लावायच्या आधीच मधे टांगा, कागदाला टेकायला नको.

खळ दाट ठेवा, पातळ झाली तर पतंगाचा कागद भिजून फाटतो. मागच्या बाजूला एक तुकडा नुसता दोऱ्यानं अडकवा म्हणजे बल्ब बदलता येतो. खालच्या दोन टोकांना कागदाच्या झिरमिळ्या लावायच्या, त्या पाहिजेतच, त्याशिवाय तो पारोल वाटत नाही.

कापिझचं नाव ज्या शिंपल्याला पडलंय त्याचेही पारोल असतात, चपटा पातळ शिंपला, त्यातून दुधाळ उजेड येतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी तसलेच शिंपले दिसतात, बघितले असतील तुम्ही. इथं ते शोधत बसू नका, पांढरा बटर पेपर लावा, उजेड बराचसा तसा पडतो. आणि पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांदोला तर २० फुटांच्या आसपासचे कंदील करतात, हजारो दिवे, त्यांची उघडझाप लोखंडी पिंप फिरवून करतात, नाताळच्या आधी त्यांची स्पर्धाच असते.

पारोल टांगताना दोरा वरच्या एकाच टोकाला न बांधता त्याच्या खालच्या दोन छेदांनाही घ्या, नाहीतर वाऱ्यात गरागरा फिरून वायर पिळवटते. शेजारी विचारतील की दिवाळी संपली तरी हे काय, तेव्हा त्यांना त्या नऊ पहाटांचं सांगा.