पेनसिल्व्हेनियात गॅसविहिरींचे नियम बदलतात तेव्हा हरकत कशी नोंदवावी

पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटीत घर घ्यायचं तर शाळा कशी आहे, कर किती, ऑफिस किती लांब, हे सगळं आपण विचारतो. शेजारच्या टेकडीखालचा गॅस कुणाच्या मालकीचा, हे फारसं कुणी विचारत नाही. जमिनीखाली खोल असलेल्या ‘मार्सेलस शेल’ या गॅसयुक्त खडकाच्या थरातून आधुनिक पद्धतीने गॅस काढायला सुरुवात झाली ती याच काउंटीत, २००४ साली. आता विहीर घरापासून किती दूर असावी यावर राज्यात पुन्हा वाद सुरू आहे. आजचा नियम ५०० फुटांचा. पर्यावरण संघटनांनी २०२४ मध्ये अर्ज करून इमारतींपासून ३,२८१ फूट, म्हणजे एक किलोमीटर अंतर मागितलं. राज्याच्या पर्यावरण गुणवत्ता मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये तो अर्ज अभ्यासासाठी स्वीकारला.

अशा बदलावर सामान्य रहिवाशाला बोलता येतं, आणि त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बी वर असलात, ग्रीन कार्डच्या रांगेत असलात तरी चालतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या लोकांची गाडी पहिल्यांदा अडते ती इथेच.

आधी टप्पा ओळखा

अर्ज अभ्यासाला घेतला म्हणजे नियम आला असं नाही. अभ्यासानंतर पर्यावरण खातं, म्हणजे डीईपी, शिफारस करतं. मंडळाला पटलं तर मसुदा तयार होतो, तो दर शनिवारी निघणाऱ्या ‘पेनसिल्व्हेनिया बुलेटिन’ या राजपत्रात छापला जातो आणि तिथून हरकती-सूचनांची मुदत सुरू होते. त्याआधी पाठवलेलं पत्र कुणी फेकून देत नाही, पण मुदतीतल्या हरकतीला उत्तर देणं सरकारला बंधनकारक असतं. म्हणून मुदतीची तारीख आधी कॅलेंडरवर टाका. बुलेटिन फुकट वाचता येतं आणि हरकती डीईपीच्या ‘ई-कॉमेंट’ या पोर्टलवर घेतल्या जातात.

जवळची गॅसविहीर कोणत्या प्रकारची?

१८५९ मध्ये एडविन ड्रेकने याच राज्यात, टायटसव्हिलला, तेलाची विहीर खणली. तेव्हापासूनच्या साध्या विहिरींना ‘पारंपरिक’ म्हणतात आणि त्यांचे नियम राज्याच्या नियमसंग्रहातल्या प्रकरण ७८ मध्ये आहेत. शेल फोडून गॅस काढणाऱ्या ‘अपारंपरिक’ विहिरींसाठी २०१६ पासून वेगळं प्रकरण आहे, ७८-ए. मसुदा कोणत्या प्रकरणाला हात घालतोय ते पहिल्या पानावरच कळतं. भलत्याच प्रकरणावर दोन पानं लिहून पाठवली तर ती वाया गेली म्हणायची.

मसुदा वाचताना आकड्यावर थांबू नका

माझ्या मते सगळं काम इथेच आहे. बातम्यांत आकडा येतो, लोक आकड्यावर भांडतात. पण तो आकडा खरा किती मोठा, हे त्याच्या आजूबाजूचे शब्द ठरवतात.

२०१२ च्या ‘ॲक्ट १३’ या राज्याच्या तेल-वायू कायद्यातले ५०० फूट पाहा. ते मोजायचे विहिरीच्या उभ्या छिद्रापासून इमारतीपर्यंत. पण विहीर म्हणजे नुसतं छिद्र नव्हे. भोवती काही एकरांचा पॅड असतो, त्यावर टाक्या, पंप, रात्रंदिवस येणारे ट्रक. पॅडची कड तुमच्या कुंपणापासून बरीच जवळ असू शकते आणि तरी नियम पाळलेलाच असतो! शिवाय मालकाने लेखी संमती दिली तर ते अंतरही गळून पडतं. जुन्या लीजच्या कागदांत अशी संमती आधीच दिलेली नाही ना, हे घर घेतानाच तपासावं.

म्हणून मसुद्यात चार गोष्टी शोधा: टेप कुठून धरायचा, कुठपर्यंत न्यायचा, सूट कोण देऊ शकतं, आणि नियम आधीच्या परवान्यांना लागू होणार की फक्त नव्या विहिरींना. यांची उत्तरं बहुतेक वेळा व्याख्यांच्या कलमात असतात, म्हणून वाचन तिथून सुरू करा. बुलेटिनमध्ये वगळायचा मजकूर चौकटी कंसांत आणि नवा मजकूर अधोरेखित असतो. हे एकदा लक्षात आलं की चाळीस पानांतली वाचण्याजोगी सात-आठच उरतात. सोबत ‘रेग्युलेटरी ॲनालिसिस फॉर्म’ असतो. खर्च कुणावर पडणार हे त्यात सरकारनेच लिहिलेलं असतं, तो चुकवू नका.

घरच्या पाण्याचा कागद तयार ठेवा

राज्यात सुमारे ३० लाख लोक खासगी विहिरींचं पाणी पितात आणि त्या विहिरींच्या बांधकामाला राज्यभर लागू असा नियमच नाही. तुमच्याकडे बोअरवेल असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मिथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि एकूण विरघळलेले क्षार तपासून घ्या. नमुना प्रयोगशाळेच्या माणसानेच घेतलेला बरा, म्हणजे पुढे त्यावर शंका येत नाही.

याचा उपयोग हरकतीपुरताच नाही. अपारंपरिक विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यावर १२ महिन्यांच्या आत पाणी बिघडलं तर कायदा कंपनीलाच जबाबदार धरून चालतो. कंपनीला यातून सुटायच्या वाटा आहेत. त्यातली एक म्हणजे खोदण्याआधी पाणी तपासायला मालकाने आम्हाला आत येऊ दिलं नाही, असं दाखवणं. तेव्हा कंपनीचा माणूस नमुना घ्यायला आला तर रागाने दार लावू नका. त्याला नमुना घेऊ द्या आणि अहवालाची प्रत मागा.

हरकत लिहा

संघटनांनी तयार करून दिलेलं पत्र सही करून पाठवणं सोपं असतं. पण एकाच मजकुराची हजार पत्रं आली तरी उत्तर एकदाच द्यावं लागतं. प्रकरण ७८ च्या २०१३ च्या मसुद्यावर वीस हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. एवढ्या ढिगातून तुमचं पत्र वेगळं उठून दिसावं, तर त्यात कलमाचा क्रमांक आणि बदली शब्द हवेत. म्हणजे साधारण असं (पाठवायचं अर्थातच इंग्रजीत):

‘कलम अमुक, उपकलम तमुक. “विहिरीच्या छिद्रापासून” याऐवजी “पॅडच्या कडेपासून” असावं. टाक्या आणि वाहनं कडेलाच असतात. माझं घर अशा कडेपासून इतक्या फुटांवर आहे. नकाशा आणि पाण्याचा अहवाल जोडला आहे.’

एका हरकतीत एकच मुद्दा ठेवा. कंपन्यांच्या वकिलांचा युक्तिवाद काय असेल तेही डोक्यात धरा: ५०० फूट कायद्यातच लिहिलेले असताना मंडळ ते नियमाने वाढवू शकतं का? याला उत्तर द्यायचं असेल तर राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं कलम २७ वाचा. स्वच्छ हवा आणि शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क आहे असं त्यात म्हटलंय. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ‘ॲक्ट १३’ चे काही भाग रद्द ठरवले, तेव्हा या कलमाला मोठं वजन आलं.

तुम्ही बदलाच्या विरोधात असाल, जमिनीची रॉयल्टी हेच घरचं उत्पन्न असेल, तरी रीत हीच. आकडे द्या, कलम सांगा. आणखी एक: पत्रासोबत नाव-पत्ता द्यावा लागतो आणि हरकती जाहीर होतात. नातेवाइकांची, मुलांची माहिती त्यात घालू नका.

जनसुनावणी ठेवली गेली तर साधारण पाच मिनिटं मिळतात. घरी घड्याळ लावून वाचून पाहा आणि लेखी प्रत सोबत न्या.

नंतर काय

वाट पाहावी लागते. २०१३ च्या डिसेंबरात छापलेला मसुदा ७८-ए म्हणून लागू झाला तो ८ ऑक्टोबर २०१६ ला. मधल्या काळात सरकार प्रत्येक मुद्द्याचं उत्तर एका दस्तऐवजात देतं. तो उघडून तुमच्या कलमाचा क्रमांक शोधा. उत्तर उडवाउडवीचं वाटलं तर अजून एक दार उघडं असतं, पाच सदस्यांचा स्वतंत्र नियामक परीक्षण आयोग. तिथे नियम स्पष्ट आहे का, सरकारला तो करण्याचा अधिकार आहे का, खर्च रास्त आहे का, हे पाहिलं जातं. आयोगाची बैठक जाहीर असते आणि अंतिम मसुद्यावरचं पत्र बैठकीआधी पोचलं पाहिजे. २०१६ मध्ये ७८-ए चे नियम तिथे तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मंजूर झाले होते.