जॅझची एलपी घेताना: नवी आवृत्ती कशी पारखायची

आमचे वडील जिनिंगमध्ये कापूस घ्यायला बसत. गाडी आली की ढिगाच्या वरचा कापूस ते बघतच नसत. हात कोपरापर्यंत आत घालायचे, आतली मूठ बाहेर काढायचे, चिमटीत धरून ओढायचे आणि धागा किती निघतो ते बघून मगच भाव बोलायचे.

जॅझच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची नवी छपाई निघते, त्या एलपीवर जे चकचकीत स्टिकर असतं, तो मला ढिगावरचा कापूस वाटतो. ‘180 ग्रॅम’, ‘रीमास्टर्ड’, ‘ऑडिओफाइल’, ‘लिमिटेड एडिशन’. जुन्यांतल्या अनेक तबकड्या 180 ग्रॅमपेक्षा बऱ्याच हलक्या असायच्या आणि तरी त्यांतल्या कितीतरी आजही सुरेख वाजतात. जाड तबकडी हातात भारदस्त लागते, एवढंच. आवाज चांगला की वाईट, हे ती छापायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. जळगाव-धुळ्याकडे दुकानात उभं राहून, ऐकून, मग पैसे मोजायची सोय आपल्याला नाही. मुंबईची खेप किंवा कुरिअर, दोनच वाटा. म्हणून घेण्याआधी आत हात घालता आला पाहिजे.

आधी प्लेअर ताळ्यावर आणा

तबकडीला नावं ठेवण्याआधी प्लेअर तपासा. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. लेबलवर कागदाचा कपटा ठेवा, सुई टेकवा, मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि फेरे मोजा. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे. स्ट्रोबची चकती मिळाली तर काम सोपं होतं: तिच्यावर पट्ट्या छापलेल्या असतात, वेग बरोबर असेल तर दिव्याखाली त्या जागीच थांबल्यासारख्या दिसतात. आपल्याकडच्या 50 सायकलच्या विजेसाठी 180 पट्ट्यांची चकती लागते. ती एलईडीखाली नीट दिसत नाही, जुना पिवळा बल्ब लावा.

अमेरिकेतून कुणी जुना प्लेअर आणून देत असेल तर मोटर कुठल्या प्रकारची ते आधी विचारा. तिकडची वीज 120 व्होल्ट आणि 60 सायकल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल नाही. विजेच्या सायकलवर चालणारी मोटर इथं तिकडच्या पाच षष्ठांश वेगानं फिरते आणि ट्रम्पेटवाल्याला झोप लागल्यासारखी वाटते.

सुईचा तबकडीवरचा भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कंपनीनं सांगितला असेल तेवढाच ठेवा. बऱ्याच चांगल्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम पुरतं. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर याच्या दुप्पट-तिप्पट दाब देतात. त्यांच्यावर महागडी एलपी लावणं म्हणजे पैठणी नेसून कांद्याच्या चाळीत शिरणं.

टेपचा माग काढा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथं थोडा रेंगाळतो.

1950-60च्या दशकांतलं जॅझ टेपवर ध्वनिमुद्रित झालं. त्या टेपवरून लॅकरच्या तबकडीवर चर कापतात, लॅकरवरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांत गरम व्हिनाइल दाबलं की एलपी तयार होते. नवी आवृत्ती काढणाऱ्यानं मूळ टेप वापरली, टेपची नक्कल वापरली, डिजिटल फाइल वापरली की बाजारातली सीडीच लावली, यावर पुढचं सगळं अवलंबून.

सीडीवरून एलपी छापणं आणि तेही कायदेशीरपणे, हे युरोपात सहज होतं. तिथं ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता. तो 70 वर्षांचा करणारा कायदा 2013च्या नोव्हेंबरात लागू झाला, पण ज्यांची मुदत आधीच संपली होती ती ध्वनिमुद्रणं मोकळीच राहिली. त्यामुळे 1963च्या आधी बाजारात आलेलं जॅझ तिथं कुणीही छापू शकतं. मूळ टेप मात्र अमेरिकेतल्या कंपनीच्या कपाटात. म्हणून स्वस्त युरोपीय एलपीच्या मागे गाण्यांची यादी असते, दोन जादा गाणीही असतात, पण ध्वनी कुठून घेतला याबद्दल अवाक्षर नसतं. माझा नियम साधा आहे: टेपबद्दल जो बोलत नाही, त्याच्याकडे टेप नाही असं धरून चालायचं.

जो बोलतो तोही पूर्ण बोलतो असं नाही. मोबाइल फिडेलिटी ही या धंद्यातली मानाची अमेरिकी कंपनी. त्यांच्या बऱ्याच आवृत्त्यांत मधली एक पायरी डिजिटल आहे, हे 2022च्या जुलैमध्ये उघड झालं आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं. प्रकरण कोर्टात गेलं. गंमत अशी की याच तबकड्यांची ‘अस्सल अ‍ॅनालॉग’ म्हणजे टेपवरून थेट कापलेल्या म्हणून वाखाणणी करणाऱ्यांना ती पायरी कानांनी ओळखू आली नव्हती. माझ्या मते डिजिटल पायरी वाईट नाही, लपवलेली पायरी वाईट.

सरळ बोलणारेही आहेत. ब्लू नोट या जॅझच्या कंपनीची ‘टोन पोएट’ मालिका 2019पासून आणि ‘क्लासिक व्हिनाइल’ मालिका 2020पासून निघते. दोन्हींत लॅकर कापणाऱ्याचं नाव, केविन ग्रे, उघड छापलेलं असतं आणि मूळ टेप वापरली असेल तर तेही. ‘टोन पोएट’चं कव्हर देखणं, किंमतही तशीच. सुरुवात करणाऱ्यानं ‘क्लासिक व्हिनाइल’ घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत चांगली सुई आणावी.

मूळ टेपसुद्धा डोळे मिटून मानायची नसते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ 1959 साली न्यूयॉर्कमध्ये दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाली, 2 मार्च आणि 22 एप्रिल. मार्चच्या बैठकीत टेपचं मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. साहजिकच ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की संगीत किंचित जलद आणि चढं लागतं. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी याच बैठकीतली. वेग अचूक असलेली दुसरी टेप वापरून चूक सुधारली गेली ती थेट 1992मध्ये. माझ्याकडे त्याआधीची एक प्रत आहे. शेजारच्या भजनी मंडळाच्या पेटीवर ताडून पाहिलं, तर दुसरी बाजू पेटीशी जुळते आणि पहिली चढी लागते. पेटीवाले बुवा म्हणाले, ‘हा माणूस दमानं वाजवतोय, पण घाईत आहे.’ एवढं नेमकं परीक्षण मी कुठं वाचलं नाही.

शेवटच्या रिकाम्या पट्टीत काय कोरलंय

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. तिला रन-आउट म्हणतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की तिथं आकडे आणि अक्षरं दिसतात. कव्हर बदलता येतं, स्टिकर चिकटवता येतं, पण ही अक्षरं तबकडीसोबतच छापली जातात.

‘केपीजी’ दिसलं तर लॅकर केविन ग्रेनं कापलं. जुन्या ब्लू नोटवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा शिक्का असतो. हे रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा लोकांचे डोळे तपासायचे आणि एरवी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला, आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात, जॅझ ध्वनिमुद्रित करायचे. 1959मध्ये त्यांनी एंगलवूड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. त्यांचा शिक्का म्हणजे ज्यानं ध्वनिमुद्रण केलं त्याच्याच हातानं चर कापले गेले. ब्लू नोटच्या 1966पर्यंतच्या छपाईवर आणखी एक छोटी खूण असते. ती प्लास्टिलाइट कारखान्याच्या नावातलं पहिलं अक्षर आहे, पण दिसते कानासारखी, म्हणून संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. ‘ओरिजिनल’ म्हणून कुणी भाव चढवून मागत असेल तर आधी कान दाखव म्हणायचं.

जुनी एलपी ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: लेबल, रन-आउट आणि दिव्याखाली तिरकी धरलेली तबकडी. रन-आउटवरचा मजकूर डिस्कॉग्ज या तबकड्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका, छपाई कधीची आणि कुठली ते बहुतेक वेळा सापडतं. प्रतवारीत ‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’ असं लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. या भाषेत ‘व्हेरी गुड’ म्हणजे चरचरणारी आणि ‘गुड’ म्हणजे भिंतीवर लावायची.

आधी डोळे, मग कान

पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा, तुटकी निघाली तर तेवढाच पुरावा. तबकडी काठ आणि लेबल एवढ्यालाच धरा. प्लेअरवर फिरवून बाजूनं बघा. सुईचा दांडा वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे, डावी-उजवीकडे डुलत असेल तर तबकडीचं मधलं भोक सरकलेलं आहे. सरकलेलं भोक जॅझमध्ये फार बोचतं, कारण पियानोचा लांबवलेला सूर थरथरायला लागतो. पियानोला मींड नसते. ती ऐकू आली तर तबकडी परत पाठवा.

मग ऐका. ‘टक्’ दर 1.8 सेकंदांनी येत असेल तर तो एका फेऱ्यात एकदा लागणारा ओरखडा किंवा चिकटलेला कण. धुऊनही गेला नाही तर ओरखडा. कापड फाडल्यासारखा फर्रर्र आवाज एका बाजूच्याच स्पीकरमधून येत असेल, तर साच्यात व्हिनाइल नीट भरलेलं नाही. हा कारखान्याचा दोष, धुऊन जात नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतही कान द्या. टेपची बारीक ‘स्स्स’ ऐकू आली तर मी खूश होतो. ती मुळातच होती आणि कुणी ती घासून काढली नाही. ती पार नाहीशी झाली असेल तर बहुतेकदा झांजांची किणकिणही तिच्यासोबत गेलेली असते.

झांज हीच माझी मुख्य कसोटी. चांगल्या एलपीत काडी आधी धातूवर पडलेली ऐकू येते, मग नाद पसरतो. वाईट एलपीत नुसता फवारा. दुसरी कसोटी डबल बास: बोटानं तार ओढल्याचा क्षण वेगळा कळला पाहिजे, नुसती घूं नको. शेवटची कसोटी बाजूच्या अखेरच्या गाण्याची. लेबलजवळ चर आखूड होतात आणि तिथं ट्रम्पेट फाटायला लागतो. तिथं तो स्वच्छ वाजला तर कापणारा कसबी.

आपला कान तयार नाही म्हणून बिचकू नका. चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकाचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आपल्या आजीनंही ऐकलाय, फक्त त्याला जॅझ म्हणायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

धूळ, पाणी आणि आपला मे महिना

माझी पहिली जॅझ एलपी भुसावळच्या रद्दीच्या दुकानातली. रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबानं घर मोडताना दिलेल्या खोक्यातली. ती मी उत्साहानं बोअरच्या पाण्यानं धुतली आणि क्षारांचे पांढरे डाग चरांत कायमचे बसले. डिस्टिल्ड वॉटर वापरा. त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर आणि पुसायचं ते चरांच्या दिशेनं, आडवं नाही. शेवटी नुसतं डिस्टिल्ड फिरवा. खोक्यात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या सापडल्या तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते.

तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. जुन्या जाड पीव्हीसीच्या पिशव्या काढून टाका, त्या कालांतरानं तबकडीवर धुरकट थर सोडतात. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको. एप्रिल-मेमध्ये मी काही मागवतच नाही. पारा 45च्या आसपास असताना कुरिअरच्या गाडीत पार्सल किती वेळ पडून राहील, याचा भरवसा नाही.

हे शहाणपण उशिरा आलं. एका मे महिन्यात धुळ्याहून येताना पारोळ्याजवळ शेवभाजी खायला थांबलो. गाडी उन्हात, मागच्या सीटवर नवी कोरी एलपी. तासाभरानं आलो तर तिची परात झाली होती. बाक काठाला जास्त आहे, म्हणून पहिल्या दोन गाण्यांवर सुई उडते. त्यांच्या आतलं तिसरं गाणं अजून वाजतं. त्यात झांज छान लागली आहे.