विशेष मुलांच्या आयांचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

दरवर्षी नर्सिंग आणि एमएसडब्ल्यूची पोरं फॉर्मचा गठ्ठा घेऊन विशेष शाळेत येतात, दोन दिवसांत ५० फॉर्म भरून पसार. आणि चुका त्याच त्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे इंग्रजी स्केल (गुण देऊन मोजायची प्रश्नावली) एका रात्रीत मराठी करणं. झरितचंच घ्या, सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो ते मोजणारं स्केल, २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८८. ते मुळात बनलं डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी, म्हणून त्यात सारखं 'तुमचे नातेवाईक' येतं. माझ्या पहिल्या कामात मीही ते तसंच उतरवलं होतं, लपवत नाही. "नातेवाईक गरजेपेक्षा जास्त मदत मागतात का?" झालं, एका ताईंनी धाकट्या दिराचं गाऱ्हाणं सुरू केलं, शेती काय, उसने पैसे काय, आणि मी ४ वर टिक करून मोकळा. पुढच्या ताई म्हणाल्या, "नातेवाईक येतात कुठे हो आता आमच्याकडे?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली. २३ फॉर्म रद्दीत. आता मी प्रश्नात सरळ मुलाचं नाव घालतो, आणि आधी दोन-तीन आयांना वाचून दाखवून "काय कळलं?" विचारतो. बॅक-ट्रान्सलेशन (मराठी प्रश्न परत इंग्रजीत करून मूळाशी ताडणं) कराच, पण ते इंग्रजी येणाऱ्या दोघांनी आपापसात केलेलं असतं, आईला काय कळलं ते त्यात दिसत नाही.

दुसरी चूक, "रोज दात घासायला शिकवता का?" हे शाळेच्या ऑफिसात, वर्गाच्या बाई शेजारी बसलेल्या असताना विचारणं. नाही कोण म्हणेल? मग सगळ्यांना ९०च्या वर मार्क, आणि गाईडसुद्धा खूश. त्यापेक्षा "काल सकाळी उठल्यापासून सांगा" म्हणा आणि गप्प बसा. ब्रश कोणाच्या हातात होता, बटणं कोणी लावली, सगळं आपोआप येतं. तासभर जातो, जाऊ दे, घाई असेल तर दुसरा विषय घ्या.

उत्तराच्या पर्यायांतल्या 'बरेचदा' आणि 'कधीकधी' यातला फरक मलाही सांगता येत नाही, आठवड्यातले किती दिवस ते विचारा.

सौम्य (बुद्ध्यांक ५० ते ६९) आणि तीव्र (२० ते ३४) बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आयांची एकच सरासरी काढू नका.

अल्फा (स्केलचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) गडगडला तर आधी उलट्या प्रश्नांचे, म्हणजे ज्यात 'हो' म्हणजे चांगलं नसून वाईट किंवा त्याउलट असतं त्यांचे, गुण उलटे केलेत का बघा, निम्म्या वेळा तेच असतं.

फॉर्मवर 'मतिमंद' नको, शाळेच्या पाटीवर असला तरी.

आणि गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बसू नका, आईच्या नावाने तो थोरली मुलगी भरते.