संयुक्त तुळईचा मोमेंट ऑफ इनर्शिया: आधी जोडणी पाहा, मग गणित मांडा

गिरगाव, लालबाग किंवा काळबादेवी अशा मुंबईतल्या भागांतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या दुरुस्तीत तुळईखाली लोखंडी प्लेट बसवून तिला बळकटी देण्याचा उपाय वरचेवर सुचवला जातो. अशा प्रस्तावासोबत आलेले गणित तपासताना मी आकडेमोडीकडे नंतर वळतो. तुळई आणि प्लेट मिळून एकच छेद (आडवा काप) म्हणून वाकतील, हे केवळ गृहीत धरले आहे की तशी जोडणी नकाशात खरोखर दाखवली आहे, हे आधी पाहतो. संयुक्त छेदाच्या मोमेंट ऑफ इनर्शियाचे सगळे गणित या एका गृहीतकावर उभे असते.

मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे पाठ्यपुस्तकांतला जडत्व आघूर्ण, हे छेदाचे क्षेत्रफळ न्यूट्रल अॅक्सिसपासून (वाकताना ना ताणल्या ना दाबल्या जाणाऱ्या, सेंट्रॉइडमधून जाणाऱ्या रेषेपासून) किती दूर पसरले आहे याचे माप आहे, आणि त्यात अंतराचा वर्ग येत असल्यामुळे दूरच्या थोड्या मालाला जवळच्या पुष्कळ मालापेक्षा अधिक किंमत मिळते. आयताचा त्याच्या स्वतःच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२ इतका असतो. अनेक तुकड्यांचा छेद असेल तर प्रत्येक तुकड्याच्या स्वतःच्या मोमेंट ऑफ इनर्शियामध्ये (पुढे नुसता ‘मोमेंट’) त्याचे क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग मिळवावा लागतो. हेच समांतर अक्ष प्रमेय होय. यातले अंतर तुकड्याच्या मध्यापासून संपूर्ण छेदाच्या सेंट्रॉइडपर्यंतचे, म्हणजे क्षेत्रफळाच्या मध्यबिंदूपर्यंतचे, असते, तळापासूनचे नसते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वाधिक चुका येथेच सापडतात.

एकाच मालाचे उदाहरण आधी घेऊ. आयएसएमबी २००, म्हणजे २०० मि.मी. उंचीच्या आय आकाराच्या पोलादी गर्डरच्या खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) १२० मि.मी. रुंद आणि १० मि.मी. जाड प्लेट सलग वेल्ड केली आहे असे समजा. कोष्टके सेंटीमीटरमध्ये असतात आणि नकाशे मिलिमीटरमध्ये, त्यामुळे सुरुवातीलाच एक एकक ठरवून घ्यावे. सें.मी.⁴ चे मि.मी.⁴ करताना दहा हजारांनी गुणावे लागते, आणि उमेदवारीच्या काळात मी एकदा शंभरानेच गुणून एक भक्कम गर्डर कागदावर नापास केला होता. येथे सगळे सेंटीमीटरमध्ये ठेवू. गर्डरचे क्षेत्रफळ ३०.८ चौ.सें.मी. आणि मोमेंट ऑफ इनर्शिया २१२० सें.मी.⁴ आहे. प्लेटचे क्षेत्रफळ १२ चौ.सें.मी. आहे. प्लेटच्या तळापासून मोजल्यास गर्डरचा मध्य ११ सें.मी. वर आणि प्लेटचा मध्य ०.५ सें.मी. वर येतो. क्षेत्रफळ गुणिले अंतर यांची बेरीज ३३८.८ अधिक ६ म्हणजे ३४४.८ होते, तिला एकूण क्षेत्रफळ ४२.८ ने भागले की सेंट्रॉइड तळापासून ८.०५६ सें.मी. वर मिळतो.

आता गर्डरचे अंतर ११ वजा ८.०५६, म्हणजे २.९४४ सें.मी. झाले, आणि प्लेटचे ७.५५६ सें.मी. झाले. गर्डरच्या वाट्याला २१२० अधिक २६६.९ येतात. प्लेटच्या वाट्याला स्वतःचा अवघा १ आणि अंतरामुळे ६८५.१ येतात. बेरीज ३०७३ सें.मी.⁴ होते. प्लेटचा स्वतःचा मोमेंट नगण्य असून तिचे सगळे काम अंतराच्या वर्गाने होते, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

येथे ४५ टक्के वाढ झाली म्हणून समाधान मानू नये. वाकण्यामुळे येणारा ताण म्हणजे बेंडिंग मोमेंट (भार तुळईला किती वाकवू पाहतो याचे माप) भागिले सेक्शन मॉड्युलस, आणि तो काढण्यासाठी ३०७३ ला सेंट्रॉइडपासून सर्वांत दूरच्या काठाच्या अंतराने भागावे लागते. खालच्या काठासाठी तो ३८१.५ घ.सें.मी. येतो, परंतु वरचा काठ आता १२.९४४ सें.मी. दूर गेल्यामुळे वर तो केवळ २३७.४ येतो. मूळ गर्डरचा २१२ होता, म्हणजे वरच्या फ्लँजच्या दृष्टीने फायदा जेमतेम १२ टक्के. तेवढेच लोखंड वर आणि खाली ५ मि.मी.च्या दोन प्लेटांत वाटले असते तर मोमेंट ३३८१ सें.मी.⁴ आणि दोन्ही काठांना सेक्शन मॉड्युलस ३२२ मिळाला असता. अडचण एवढीच की चाळीत वरच्या फ्लँजवर कोबा आणि लादी बसलेली असते, तेथे वेल्डरचा हात पोहोचत नाही.

जुन्या गर्डरसाठी कोष्टकावर विसंबणे धोक्याचे आहे. आयएसएमबी २०० चा फ्लँज १९६४ च्या हँडबुकात १०.८ मि.मी. जाडीचा आणि वजन मीटरला २५.४ किलो होते. १९८९ च्या आयएस ८०८ या भारतीय मानकामध्ये ती जाडी १० मि.मी. आणि वजन २४.२ किलो झाले. त्याआधीचे ब्रिटिश गर्डर इंचांत घडवलेले असत. दारूखान्यातून (मुंबईतल्या भंगारबाजारातून) वापरलेला गर्डर आणला असेल किंवा इमारतीतलाच समुद्राच्या हवेने खाल्लेला असेल, तर गंज खरवडून कॅलिपरने फ्लँज व वेब (दोन फ्लँजांमधली उभी पट्टी) मोजावेत आणि तीन आयत मांडून मोमेंट स्वतः काढावा.

दोन वेगळे माल असतील तर एक पायरी वाढते. सागवानाच्या १५ सें.मी. रुंद, २५ सें.मी. उंच तुळईखाली तेवढ्याच रुंदीची १ सें.मी. जाड पोलादी प्लेट आहे असे समजा. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस (मालाच्या ताठपणाचे माप) २ लाख न्यूटन प्रति चौ.मि.मी. असतो. सागवानाचा १० हजार धरला, तर दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे मॉड्युलर रेशो, २० येते. सारख्या उंचीवर दोन्ही मालांना सारखाच स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) सोसावा लागत असल्यामुळे पोलाद लाकडाच्या वीसपट बळ उचलते, म्हणून प्लेटच्या जागी वीसपट रुंद लाकूड आहे अशी कल्पना करायची. फक्त रुंदी वाढवायची, उंचीला हात लावायचा नाही, कारण उंची बदलली की अंतरे बदलतात आणि स्ट्रेनचा हिशेबच मोडतो.

अशा रीतीने प्लेट ३०० सें.मी. रुंद आणि १ सें.मी. जाड होते. लाकडाचे क्षेत्रफळ ३७५ आणि मध्य १३.५ वर, प्लेटचे बदललेले क्षेत्रफळ ३०० आणि मध्य ०.५ वर. सेंट्रॉइड ७.७२२ सें.मी. वर येतो. लाकडाचा स्वतःचा मोमेंट १९,५३१ आणि अंतरामुळे १२,५१९, प्लेटचा स्वतःचा २५ आणि अंतरामुळे १५,६४८, असे मिळून ४७,७२३ सें.मी.⁴ होतात. हा आकडा लाकडाच्या भाषेतला आहे, त्यामुळे प्लेटमधला ताण काढताना उत्तराला पुन्हा २० ने गुणावे लागते. समजा १० किलोन्यूटन-मीटरचा बेंडिंग मोमेंट आला. नुसत्या तुळईत ६.४ न्यूटन प्रति चौ.मि.मी. ताण आला असता, तो प्लेटसह वरच्या काठावर ३.८३ वर उतरतो. प्लेटच्या तळाशी सूत्र १.६२ दाखवते, पण खरा ताण ३२.४ असतो.

काँक्रीटची स्लॅब आणि पोलादी गर्डर असतील तर रीत हीच राहते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या मानकानुसार एम२५ (२५ न्यूटन प्रति चौ.मि.मी. ताकदीच्या) काँक्रीटचा मॉड्युलस ५००० गुणिले २५ चे वर्गमूळ म्हणजे २५ हजार येतो, आणि अल्पकाळच्या भारासाठी गुणोत्तर ८ होते. कायमच्या भाराखाली काँक्रीट क्रीप होत (काळानुसार हळूहळू दबत) असल्याने ते वाढवून धरावे लागते.

आता जोडणी. वरील ४७,७२३ हा आकडा प्लेट लाकडावर जराही सरकत नसेल तरच खरा. ती नुसती टेकवली असेल तर दोघे आपापल्या मध्याभोवती वाकतात, अंतराचे वर्ग मिळवण्याचा अधिकार उरत नाही, आणि बेरीज फक्त १९,५३१ अधिक २५ होते. दोन फूटपट्ट्या एकावर एक ठेवून वाकवल्या तर एका पट्टीच्या दुप्पट ताकद लागते, त्याच चिकटवून वाकवल्या तर आठपट, इतका हा फरक आहे. म्हणून मोमेंट काढल्यावर त्याच आकड्याने शिअर फ्लो (सांध्याच्या दर मीटरला प्लेट सरकवू पाहणारे बळ) काढावा: शिअर फोर्स (तुळईच्या छेदावरचे उभे बळ) गुणिले प्लेटचे बदललेले क्षेत्रफळ गुणिले तिचे अंतर, भागिले एकूण मोमेंट. शिअर फोर्स १० किलोन्यूटन असेल तर १० गुणिले ३०० गुणिले ७.२२२ भागिले ४७,७२३, म्हणजे दर मीटरला सुमारे ४५ किलोन्यूटन बळ स्क्रूंमधून पार व्हावे लागते. एका स्क्रूची सुरक्षित क्षमता ३ किलोन्यूटन धरली तर मीटरला १६ स्क्रू, दोन ओळींत साधारण १२ सें.मी. अंतरावर लागतात. तसे करूनही स्क्रू लाकडात थोडे सरकतातच, त्यामुळे प्रत्यक्ष मोमेंट दोन्ही आकड्यांच्या मधे कोठेतरी राहतो. शिवाय प्लेट बसवण्याआधी तुळईला टेकू देऊन भार उचलला नसेल, तर आधीपासूनचा भार तुळई एकटीच वाहत राहते आणि प्लेटच्या वाट्याला केवळ नंतर येणारा भार जातो.

एका चाळीत मी पाहिलेल्या तुळईच्या कागदांत मोमेंट दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक काढलेला होता. जागेवर स्क्रू एकाच ओळीत, दोन-दोन फुटांवर होते, आणि सुताराने प्लेट व लाकूड यांच्या सांध्यात पटाशीचे पाते घातले तेव्हा ते मुठीपर्यंत आत गेले.