घरासाठी इम्पॅक्ट गोटी पान्याचा सेट कसा निवडावा

दुकानात नुसते 'गोटी पाना द्या' म्हटले की बहुतेक वेळा चकचकीत क्रोमचा सेट समोर येतो. हाताने फिरवायला तो चांगला, पण बॅटरीच्या किंवा हवेच्या इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्रावर) तो कधीही लावू नका. क्रोम व्हॅनेडियमची ही गोटी, म्हणजे नटावर बसणारी टोपी, कडक आणि पातळ भिंतीची असते. गनचे ठोके बसले की ती तडकते आणि तुकडा थेट डोळ्याकडे उडू शकतो. गनसाठीची गोटी क्रोम मॉलिब्डेनमची, जाड आणि काळी असते. मात्र रंगावर विश्वास ठेवू नका, काळ्या रंगात बुडवलेली साधी गोटीही विकली जाते. 'इम्पॅक्ट' असा शब्द आणि धातूचे नाव गोटीवर किंवा पेटीवर असल्याची खात्री करा.

आधी घरचे नट मोजा

मोटारसायकल, कार, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, जे असेल त्याचे नट तारेच्या ब्रशने साफ करा. आपल्या काळ्या मातीचा चिखल कोपऱ्यात वाळला की गोटी पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेली गोटीच नट गोल करते. मग व्हर्निअरने समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजा. तेच गोटीचे माप.

इथे एक गल्लत नेहमी होते. बोल्ट 12 मिमीचा, म्हणजे त्याचा दांडा 12 मिमी जाड, म्हणून 12 ची गोटी लागत नाही. 12 मिमीच्या बोल्टचे डोके बनावटीप्रमाणे 17, 18 किंवा 19 असते, आणि 10 मिमीच्या बोल्टचे 14, 16 किंवा 17. घरी 10, 12, 13, 14, 17, 19, 21, 22 आणि 24 एवढ्या गोट्यांवर बहुतेक कामे निघतात. 16 आणि 18 काही सेटमध्ये नसतात, तुमच्याकडे ते नट असतील तर पेटी उघडून पाहा. चाळीस नगांचा सेट स्वस्त वाटतो, पण त्यातले निम्मे नग कधीच हातात येत नाहीत.

जुन्या ट्रॅक्टरवर इंची बोल्ट असू शकतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, तिथे 19 ची गोटी चालते. पाच अष्टमांश इंच (15.88 मिमी) नटाला 16 ची चालते. पण नऊ सोळांश इंच म्हणजे 14.29 मिमी: 14 ची शिरत नाही आणि 15 ची घसरते. त्यासाठी ती एकच इंची गोटी वेगळी घ्या.

ड्राइव्हचा चौक

गोट्या मिलिमीटरच्या असल्या तरी गनचा चौक, म्हणजे गोटी जिथे बसते ते चौकोनी टोक, इंचातच असतो. घरासाठी अर्धा इंच, म्हणजे चार सूत, घ्या. फक्त दुचाकीची कामे असतील तर तीन सुताचाही चालेल. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या मोठ्या नटांना मात्र अर्ध्या इंचाची घरगुती गन बहुधा पुरत नाही.

सहा कोनी आणि खोल

बारा कोनी गोटी नटाच्या फक्त कोपऱ्यांना धरते, सहा कोनी सपाट बाजूंवर जोर टाकते. गंजलेल्या रोटाव्हेटरच्या बोल्टवर हा फरक लगेच कळतो. नटाबाहेर बोल्टचे आटे लांब येत असतील तर खोल गोटी लागते, आखूड गोटीचा तळ आधीच बोल्टला टेकतो. अलॉय चाकाच्या खोबणीत जाड गोटी जात नाही. तिथे प्लॅस्टिकचे आवरण असलेली पातळ इम्पॅक्ट गोटी घ्या.

दुकानात काय पाहायचे

घरचा एखादा सुटा नट खिशात घेऊन जा. गोटी त्यावर बसवून हाताने हलवा: किंचित खेळ हवा, डगमग नको. माप कोरलेले हवे, नुसते छापलेले तेलाच्या हाताने पुसले जाते. चौकाजवळ गोटी गनवर अडकवणाऱ्या पिनचे आडवे छिद्र आहे का पाहा. एक्स्टेंशन (गन आणि गोटीमधला दांडा) घेतलेत तर तेही इम्पॅक्टचेच घ्या आणि आखूड ठेवा, लांबीमुळे जोर कमी पोचतो.

वापरताना

चष्मा लावा. चाकाचे नट गनने सैल करा, पण बसवताना आधी दोन-तीन आटे हाताने फिरवा. तिरके लागलेले आटे गन क्षणात कापून टाकते. शेवटचा कस टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने द्या. किती न्यूटन-मीटर ते गाडीच्या पुस्तिकेत असते.

काळ्या गोटीला क्रोमसारखे संरक्षण नसते. पावसाळ्यात शेतातून आल्यावर आतला चिखल काढून तेलाचा बोळा फिरवा, मगच पेटी बंद करा.