जुन्या गाडीच्या इंजिनातील टिकटिक : या चुका टाळा

यंत्रमागाच्या कारखान्यात डझनभर माग एकाच वेळी खडखडत असताना त्यांतला नेमका कोणता माग बिघडला आहे, हे मुरलेला जॉबर (माग जुळवणारा व दुरुस्त करणारा कारागीर) दारातूनच ओळखतो. अशा सोलापुरात गाडीच्या इंजिनाचे निदान मात्र पुष्कळदा एका वाक्यात उरकले जाते : ‘टॅपेट वाजतंय, टाइट करून देतो.’ दहा-पंधरा वर्षे चाललेल्या पेट्रोल गाडीत टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारी यंत्रणा, वाजत असण्याची शक्यता बरीच असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु टिकटिक करणारे भाग इंजिनात अनेक असतात, आणि बहुतेक चुका आवाज कुठून येतो हे शोधण्याआधीच तो बंद करण्याच्या घाईतून होतात.

पहिली चूक गाडी गरम असताना दाखवण्याची. जुळे सोलापुरातून निघून अशोक चौकापर्यंत वाहतुकीतून गाडी नेली, की इंजिन पूर्ण तापलेले असते आणि सकाळी ऐकू आलेला आवाज निम्म्याने कमी झालेला किंवा पार नाहीसा झालेला असतो. आवाज थंड इंजिनात येतो की गरम, हीच निदानातील सर्वांत मोठी खूण आहे. त्यामुळे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मेकॅनिकने ती स्वतः सुरू करावी, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

सुरू केल्यावर चार-पाच सेकंद टिकटिक होऊन ती थांबत असेल, तर रात्रभरात वरच्या भागातून खाली उतरलेले ऑइल पुन्हा वर पोहोचायला तेवढा वेळ लागतो आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. हलक्या प्रतीच्या ऑइल फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारी रबरी झडप नीट काम करत नाही. अशा वेळी चांगला फिल्टर बसवल्यावरच आवाज जातो. अर्थात त्याही आधी डिपस्टिक पाहायला हवी. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी पातळी पाहावी. ती खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर ऑइल भरेपर्यंत पुढचा तर्क करण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक जाड ऑइलची. ‘आपल्याकडे ऊन फार, जाडच ऑइल घाला’ हा सल्ला सोलापुरात हमखास मिळतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या गावात तो अगदीच निराधार नाही. गाडीच्या पुस्तिकेत तापमानानुसार ऑइलच्या ग्रेडचा तक्ता असतो आणि त्या तक्त्यात बसणारी जाड ग्रेड वापरायला हरकत नाही. तक्ता ओलांडून, केवळ आवाज दबावा म्हणून २०डब्ल्यू-५० ही जाड ग्रेड किंवा ऑइल घट्ट करणारे द्रव्य ओतले, तर थंड इंजिनात ते रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या तरफेपर्यंत, उशिरा पोहोचते आणि गरम इंजिनात झिजलेल्या बेअरिंगचा आवाज झाकून टाकते. गाडी विकणाऱ्याची त्यात सोय असते, ती वापरणाऱ्याची नाही.

तिसऱ्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चे टॅपेट एका गॅरेजमध्ये आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळले गेले आणि गाडी इतकी शांत झाली, की मी समाधानाने घरी आलो. काही महिन्यांनी सकाळी ती सुरू व्हायला कुरकुर करू लागली, पिकअप गेला, आयडलिंगला थरथर सुरू झाली. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासले तेव्हा एका सिलिंडरमध्ये ते फारच कमी भरले आणि हेड उतरवल्यावर त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. व्हॉल्व्हचा दांडा तापल्यावर लांबतो आणि त्यासाठीच रॉकर व दांडा यांच्यात मिलिमीटरच्या अंशाएवढी फट ठेवलेली असते. ती फट उरली नाही, तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि जळते वायू त्याच चिरेतून बाहेर पडत राहतात. किंचित वाजणारा व्हॉल्व्ह चालवून घेता येतो. अति घट्ट व्हॉल्व्ह मात्र काहीही आवाज न करता जळतो. गॅस किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत तर सीट झिजून ही फट आपोआप कमी होत जाते, त्यामुळे ‘आवाज नाही, म्हणजे सेटिंग ठीक’ हा हिशेब तिथे हमखास चुकतो. सेटिंग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावूनच करावे, आणि ते थंड इंजिनावर करायचे की गरम, तसेच इनलेट व एक्झॉस्टचे माप किती, हे पुस्तिकेतूनच घ्यावे. हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने ही फट आपोआप भरून काढणारे भाग) असलेल्या इंजिनात असे नेहमीचे सेटिंग नसते. तिथे ‘टॅपेट टाइट करतो’ म्हणणाऱ्याला नेमके काय आवळणार, असे विचारावे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातील जळके वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, गळती ही टॅपेटची हुबेहूब नक्कल करते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले किंवा बोल्ट तुटला, तर थंड इंजिनात रेस करताना स्पष्ट टिकटिक येते आणि धातू तापून फुगला, की फट मिटून आवाज मंदावतो. पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसला, तर टॅपेट कव्हर उघडण्याचे कारण नाही. ही तपासणी मोकळ्या जागेतच करावी, बंद शेडमध्ये करू नये; गळणारा वायू विषारी असतो.

आवाजाची लय ऐकणे हेही एक साधन आहे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या) आयडलिंगला एक सैल व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. याच्या दुप्पट लयीत, अधिक खोल आणि जड ठोका येत असेल, चढावर किंवा भार पडल्यावर तो वाढत असेल आणि एखाद्या सिलिंडरच्या इंजेक्टरचे (इंधन फवारणाऱ्या भागाचे) कनेक्शन काढताच तो बराच कमी होत असेल, तर संशय कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्यावा. व्हॉल्व्हची टिकटिक असे कनेक्शन काढल्याने सहसा बदलत नाही. चालू इंजिनात प्लगची वायर हाताने ओढण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये, तिचा झटका जबर असतो. इंजेक्टर स्वतःही बारीक टिकटिकतात. तो दोष नव्हे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका भागावर टेकवून मूठ कानाशी धरण्याची जुनी पद्धत उपयोगी आहे, फक्त पंखा, बेल्ट आणि अंगावरचे सैल कपडे यांचे भान ठेवावे.

या सगळ्यात जागीच थांबायला हवे अशी एक वेळ : आवाजाबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुणे रस्त्यावर मोहोळ जवळ असो की दूर, इंजिन तिथेच बंद करावे आणि गाडी ओढून आणावी. ‘गावापर्यंत जाईल’ या आशेवर चालवलेल्या काही किलोमीटरांत बेअरिंग क्रँकला चिकटते आणि शेकड्यांतले काम हजारोंवर जाते.

टॅपेट सेट झाल्यावर कव्हरचे जुने, कडक झालेले रबरी पॅकिंग पुन्हा बसवू देऊ नये. त्यातून ऑइल पाझरून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते, सात रस्त्याच्या सिग्नलला बॉनेटखालून धूर येतो, आणि आता आग लागणार म्हणून घाबरलेला मालक दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभा असतो.