सोसायटीतल्या भीतीची मोजणी कशी करावी

घरफोडी झाली की सोसायटीची तातडीची सभा भरते, चार कॅमेरे वाढवण्याचा ठराव होतो आणि विषय मिटतो. परंतु चोरी कधीही न झालेल्या इमारतीतही पार्किंगमधून एकटीने जाणे टाळणारी मंडळी असतात; त्यांची नोंद पोलीस ठाण्यात होत नाही. ती करायची असेल, तर रहिवाशांनाच विचारावे लागते आणि विचारण्याची एक रीत असते.

‘तुम्हांला सुरक्षित वाटते का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. पुण्यात त्याला उत्तर मिळते ते आपल्या पेठेच्या अभिमानाचे. ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या गुन्हे सर्वेक्षणाने घरातली भीती आणि रस्त्यावरची भीती यांची गल्लत होऊ दिली नाही. अंधार पडल्यावर आपल्या भागात एकट्याने चालताना कसे वाटते आणि रात्री घरात एकटे असताना कसे वाटते, हे तिथे वेगवेगळे विचारले गेले. उत्तरासाठी ‘अगदी सुरक्षित’, ‘बऱ्यापैकी सुरक्षित’, ‘थोडे असुरक्षित’ आणि ‘अगदी असुरक्षित’ असे चारच पर्याय ठेवावेत. मधला ‘ठीक आहे’ दिला की बहुतेक जण त्याच्या आडोशाला जातात. ‘अंधार पडल्यावर’ याऐवजी घड्याळातली वेळ लिहिणे आपल्याकडे अधिक बरे, कारण पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जूनअखेर सव्वासातपर्यंत रेंगाळतो.

त्याखाली माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लिहावा : ‘गेल्या महिन्यात भीतीपोटी तुम्ही काय करायचे टाळले?’ भीती वाटते हे कबूल करायला माणूस लाजतो. मात्र रात्री साडेनऊनंतर कचरा टाकायला खाली उतरत नाही, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असेल तर जिन्याने जातो किंवा दूध आणायला लांबच्या रस्त्याने जातो, हे तो सहज सांगतो. चिठ्ठीवर नाव किंवा फ्लॅट क्रमांक मागू नये. पेटी जिन्याखाली ठेवावी, अध्यक्षांच्या दारात नव्हे.

चिठ्ठ्या घरटी एक न देता माणशी एक द्याव्यात, नाहीतर साऱ्या घराचे उत्तर कर्ता पुरुष लिहितो. भाड्याने राहणारे विद्यार्थी, हिंजवडी किंवा खराडीहून उशिरा परतणारे नोकरदार, एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक आणि पोळ्या-भांड्यांसाठी पहाटे येणाऱ्या मावशी यांना वगळू नये. रखवालदाराशी मात्र स्वतंत्रपणे आणि निवांत बोलावे. सगळ्यांच्या सुरक्षिततेचा भार ज्याच्यावर टाकलेला असतो, तो स्वतः रात्रभर फाटकाशी एकटाच असतो.

उत्तरे आली की टक्केवारी काढत बसू नये; चाळीस घरांत आकड्यांपेक्षा जागा महत्त्वाच्या. ज्या जागांचा उल्लेख वारंवार आला असेल, त्या परिसराच्या हाताने काढलेल्या नकाशावर खुणा करून दाखवाव्यात आणि रात्री दहा वाजता त्या वाटेने तीन-चार जणांनी प्रत्यक्ष चालून यावे, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात. दिवा आहे पण झाडाच्या फांदीआड गेला आहे, बोळाच्या तोंडाशी बंद पडलेली गाडी उभी आहे, हे चालताना दिसते. सभेत दिसत नाही.

पुढची कामे ज्याची त्याला द्यावीत. जिन्यातला दिवा आणि मुख्य दाराचा कडीकोयंडा सोसायटीचा. रस्त्यावरचे दिवे आणि फांद्यांची छाटणी महापालिकेची, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात खांबाचा क्रमांक देऊन लेखी अर्ज करावा. टवाळखोरांचा अड्डा असेल तर तक्रार पोलीस चौकीत करावी. प्रसंग घडत असतानाच मदत हवी असल्यास ११२ फिरवावा. कॅमेरा बसवायचाच असेल, तर त्याचा रोख शेजाऱ्याच्या दाराखिडकीवर येणार नाही हे पाहावे. नाहीतर भीतीच्या जागी भांडण येते.

तीन महिन्यांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारावेत. बदललेला दिवा मोजू नये. कचरा टाकायला साडेनऊनंतर किती जण खाली उतरू लागले, ते मोजावे.